पुलाखालचा संसार

विरारकडे जाणारी लोकल भाईंदर सोडते आणि थोड्याच वेळात चाकांचा आवाज बदलतो. खाली जमीन असताना जो बसका खडखडाट असतो, तो पुलावर आला की पोकळ होतो, पसरतो. या आवाजाची वाट पाहणारी माणसं डब्यात असतातच. दारात उभ्या असलेल्याला मागून कोणी तरी म्हणतं, "दादा, जरा बाजूला व्हा हां," आणि एक पिशवी पुढे सरकते. काळी नव्हे, काळी पिशवी कचऱ्याची. ही साडीच्या दुकानातली, जाड, नीट गाठ मारलेली. हात बाहेर जातो, पिशवी सुटते आणि तोच हात लगेच कपाळाला लागतो, मग छातीला. पिशवी पाण्यात पडली की खांबावर आपटली, हे बघायला कोणी वाकत नाही. बघायचं म्हटलं तरी गाडी पुढे गेलेली असते. खरी सोय तीच आहे.

वाहत्या पाण्यात सोडावं, असं घरातली वडीलधारी माणसं सांगत आली. सांगणाऱ्यांच्या गावाला नदी होती. बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये वाहतं पाणी म्हणजे सकाळी तासभर येणारा नळ. मग रोजच्या पासात जे वाहतं पाणी ओलांडता येतं, तेच आपलं तीर्थ. उल्हास नदी ठाण्याजवळ दोन वाटांना फुटते, त्यातली उत्तरेची वाट म्हणजे ही वसईची खाडी. कल्याण-भिवंडीपासून सगळ्यांचं सगळं पोटात घेऊन ती इथवर येते. तिला पवित्र म्हणायला मोठी श्रद्धा लागते. ती आपल्याकडे आहे.

सुरुवात फुलांपासूनच होत असणार. हार, दूर्वा, विड्याची पानं, वाळलेला नारळ. मग तडा गेलेली लक्ष्मीची तसबीर, कारण फुटकी काच घरात नको आणि देव घंटागाडीत टाकवत नाही. मग जुन्या कॅलेंडरांवरचे दत्त, साईबाबा, अष्टविनायक. त्या पिशवीत एकदा जागा झाली की निर्माल्याच्या नावाखाली बाकीचंही मावतं. तेराव्यानंतर वडिलांचा चष्मा, कवळी, अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटं, काठी, उशी. यातलं काहीच भंगारवाला घेत नाही आणि घेतलं असतं तरी आपण दिलं नसतं. ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात गेलेल्या माणसाच्या उशीला जागा नसते. मला या पिशव्या फेकणाऱ्यांचा राग येतो, पण तो पूर्ण येत नाही, तो या उशीपाशी अडतो.

गाडीतून फेकायला ज्यांना संकोच वाटतो किंवा ज्यांचं सामान पिशवीत मावत नाही, ते चालत येतात. भाईंदरच्या बाजूला, जुना रेल्वेपूल जिथे जमिनीला टेकत होता त्या भरावाच्या आसपास, तिवरं सुरू होण्याआधीच्या पट्ट्यात, एक अख्खा संसार विखुरलेला दिसतो. कापूस बाहेर आलेली गादी. फोमचा सोफा, त्याची लाकडी चौकट कोणी तरी चुलीसाठी काढून नेलेली, त्यामुळे नुसता फोम बसकण मारून पडलेला. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब. प्लायवूडचा देव्हारा, सनमाईका उकललेला, आतल्या छोट्या दिव्याची वायर मात्र कापून नेलेली. चिनी मातीच्या बरण्या, एक बाळाचा वॉकर, कमोडची खुर्ची.

थोडा वेळ उभं राहिलं की कळतं, इथे काय नाही ते. तांबं नाही. पितळ नाही. लोखंड नाही, अल्युमिनियम नाही, बीड नाही. गॅसची शेगडी दिसत नाही, पाण्याचा बंब दिसत नाही, शिलाई मशीनचं पायडल दिसत नाही. जे वजनावर विकलं जातं ते सोसायटीच्या गेटाबाहेरच वेगळं होतं. इथे पोचतं ते फक्त दोन प्रकारचं: ज्याला भाव नाही ते आणि ज्याचा भाव करायची लाज वाटते ते. भंगाराच्या काट्यानं चाळून उरलेला हा घरांचा चोथा आहे.

म्हणून ते झाकण दिसलं तेव्हा नवल वाटलं. स्टीलच्या डब्याचं झाकण, वीतभर व्यासाचं, अर्धं चिखलात. डबा विकला गेला असावा आणि झाकण कुठल्या तरी पिशवीत चुकून राहिलं असावं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. भांड्याच्या दुकानात एक माणूस हातात ते घर्रघर्र करणारं यंत्र घेऊन बसायचा, दुकानदार विचारायचा, "नाव काय घालू?" आणि बायका आधीच ठरवून आलेल्या असायच्या. या झाकणावर मधलं नाव घासून घासून गेलं होतं. राखेनं, मग नारळाच्या काथ्यानं, मग हिरव्या जाळीनं, अशी तीन राज्यं त्यावरून फिरली असतील. कडेला होतं ते मात्र शाबूत: "हिच्या लग्नात मामाकडून", आणि खाली १९८१. जिचं लग्न, तिचं नाव पुसलेलं आणि मामा टिकलेला. मी ते उचलून पाहिलं, बोटांनी अक्षरं चाचपली आणि होतं तिथे ठेवलं. चार पावलांवर रेल्वेच्या कुंपणाला जुन्या रुळाचे तुकडे खांब म्हणून रोवलेले होते. रुळांवरही असंच असतं. बाजूच्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं, गंज खरवडला की वाचता येतं. कंपनी असो की मामा, दिलेल्या वस्तूवर नाव आणि वर्ष घातल्याशिवाय राहवत नाही.

या जुन्या रेल्वेपुलाचं मूळ बीबीसीआयच्या पहिल्या लोखंडात आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं काम सुरू केलं ते मुंबईतून नव्हे. १८६०मध्ये पहिला तुकडा सुरू झाला तो सुरतेजवळच्या उतराणपासून अंकलेश्वरपर्यंत. तिथून दक्षिणेला येत येत, नद्या आणि खाड्या ओलांडत १८६४च्या अखेरीला गाडी ग्रँट रोडला पोचली. वसईची खाडी हा त्या वाटेवरचा शेवटचा मोठा अडथळा. कर्नल केनेडी हा कंपनीचा सल्लागार इंजिनियर. त्यानं ठरवलं की या मार्गावरच्या पुलांना शक्यतो एकच माप ठेवायचं: साठ फुटांचा गाळा, त्रिकोणी जोडणीच्या तुळया, सगळे भाग इंग्लंडात एकसारखे बनवून जहाजानं आणायचे. एका नदीवर तुटलेला भाग दुसऱ्या नदीच्या साठ्यातून बदलता यावा. खाली खांब बिडाचे, पोकळ, टोकाला स्क्रूसारखं पातं. ते गाळात ठोकायचे नाहीत, पिळायचे. पिळायला खांबाच्या माथ्यावर लांबच लांब दांड्या आडव्या बसवून त्यांना बैल जुंपत. विलायती बीड आणि इथले बैल. तेलाच्या घाण्याला फिरावं तसे ते गोल गोल फिरत आणि खांब गाळात उतरत जाई. भारतातल्या आगगाडीचा इतिहास सांगताना आपण इंजिनांचे फोटो लावतो. या बैलांचा एखादा तरी लावायला हवा होता.

१८६७च्या एप्रिलपासून विरार ते बॅकबे अशी दिवसाला एक गाडी धावू लागली. आज त्याच खाडीवरून दर काही मिनिटांनी जी लोकल जाते, ती त्या एका गाडीची नात. १९३६मध्ये विरारपर्यंत वीज आली. गाड्या लांबल्या, जड झाल्या, रूळ दोनाचे चार झाले. नवे पूल शेजारी उभे राहिले आणि ब्रिटिशांच्या वेळचा पूल वापरातून गेला.

वापरातून गेलेली वस्तू लगेच जात नाही, हे कुठल्याही घराचा माळा सांगेल. पूलही राहिला. दोन पुलांच्या मध्ये, खाडीच्या पोटात पाणजू नावाचं बेट आहे. तिथल्या लोकांना मुंबईची लोकल दिवसरात्र डोळ्यांसमोरून जाताना दिसते आणि ती त्यांच्यासाठी कधीच थांबत नाही. त्यांना होडीनं, नाही तर पुलाच्या कडेनं चालत नायगाव गाठावं लागतं. जुन्या पुलावरच्या गाड्या थांबल्या, तेव्हा माणसं त्याच्यावरून चालू लागली. सायकली, मग मोटारसायकली. भाईंदरहून नायगाव समोर दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर घोडबंदरकडे जाऊन हायवेवरून मोठा वळसा. म्हणून कितीतरी वर्षं मागणी होती की हा पूल हलक्या वाहनांना द्या. तो दिला गेला नाही. खालून रेतीवाल्यांनी खाडी उपसली, पुलांजवळ उपशाला मनाई असूनही उपसली, आणि पूल मोडकळीला आला. २०२४मध्ये वसई आणि भाईंदरच्या मध्ये रो-रो बोट सुरू झाली, म्हणजे पुलाच्या आधीचं वाहन पुलाच्या नंतर परत आलं. शेवटी पूलही भंगारात निघाला. बिडाचा तवा आणि बिडाचा खांब, दोघांचा शेवट एकाच काट्यावर. रेल्वेलाही आपल्या घरातली जुनी वस्तू काय करावी हे आपल्याइतकंच कळत नाही, असं मला वाटतं.

पाणजूकरांच्या पायाखाली पूल आणि डोक्यावर आपली श्रद्धा. गाडीतून फेकलेला नारळ पाण्यातच पडतो, असं फेकणारा धरून चालतो. पुलाच्या कडेनं कोणी चालत असेल, हे त्याच्या हिशेबातच नसतं. २०२५च्या सप्टेंबरात, ऐन नवरात्रात, पाणजूचा एक तरुण असाच पुलावरून चालत स्टेशनकडे निघाला होता. धावत्या लोकलमधून आलेला नारळ त्याला लागला आणि तो गेला. ज्यानं तो फेकला त्यानं त्यानंतर हात जोडले असतील. तो पुढच्या स्टेशनावर उतरला असेल, घरी जाऊन देवापुढे दिवा लावला असेल. त्याला अजून ठाऊकही नसेल.

आता खाडीच्या तोंडाकडे जाऊ. भाईंदर पश्चिमेहून बस पकडायची. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं ओलांडत, मिठागरांच्या कडेकडेनं ती उत्तनला जाते. रेल्वे उत्तनला कधी आली नाही. हे सगळं पूर्वीचं धारावी बेट. मुंबईतली धारावी वेगळी. १७३९च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनं इथला कोट घेतला, कारण इथून खाडीचं तोंड मुठीत येतं. वसईच्या किल्ल्याला समुद्रातून मदत पोचायची ती याच तोंडातून. मे महिन्यात वसई पडली. चौकच्या टेकाडावर उभं राहिलं की समोर वसईचा किनारा दिसतो आणि मधून खाडीचं पाणी बाहेर पडताना दिसतं. त्या काळी इथून एक होडीही डोळा चुकवून जात नसे. आता भाईंदरच्या पुलावरचं निर्माल्य कोणाला न विचारता जातं.

आणि जातं ते नेमकं कधी? अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला उधाण असतं, ओहोटीची ओढ सगळ्यात जोराची. त्या ओढीला तोंड देऊन उभं राहतं ते डोल जाळं. हे जाळं माशाच्या मागे धावत नाही. समुद्रात खुंट मारून त्याचं तोंड प्रवाहाकडे उघडं ठेवायचं, पाणी जे आणील ते पोटात घ्यायचं. म्हणून उधाणाचे दिवस हे उत्तन, पाली, चौकच्या डोलकरांचे कमाईचे दिवस आणि भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे, दिवस विसाव्याचे. आपल्या घरातले देव मात्र पंचांगाप्रमाणे निघतात. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सर्वपित्री अमावास्येलाच. घटस्थापना तिच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पिशव्या सर्वांत जास्त पडतात तेव्हाच पाणी सर्वांत जोरात ओढतं आणि तेव्हाच जाळी उघडी असतात. एका चंद्रावर तिघांचा धंदा चालतो.

उत्तनच्या भाटेबंदरावर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. एकानं दुसऱ्याला धरून ठेवलेलं, खिळा नाही, गाठ नाही. अशा शेकडो जोड्या बांबूच्या वलांडीवर वाऱ्यानं हलत होत्या. एक म्हातारी खाली बसून जवळा निवडत होती. तिच्या बाजूला टोपलीत निवडून काढलेलं वेगळं ठेवलेलं: प्लास्टिकची फुलं, शाम्पूच्या पुड्या, एक दुधाची पिशवी, बाटल्यांची बुचं आणि हाताएवढी एक तसबीर. काच नव्हती. पाठीमागचा पुठ्ठा फुगून पानं पानं झालेला. चित्रातला रंग जवळजवळ गेलेला, पण वाघाचे पट्टे ओळखता येत होते, म्हणजे देवी.

"बाय, हे पण जाळ्यात येतं?"

"लोकांचे देव आमचे जाल्यान येतान," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस येतो, तसं ती सांगत होती. तिच्या गळ्यात क्रूस होता. तसबीर टोपलीत का ठेवली, समुद्रात परत का नाही फेकली, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. परत फेकली तर उद्या परत येईल, हे तिला मला सांगावं लागलं. तिचा मुलगा ती गावातल्या देवळाच्या पारावर नेऊन ठेवणार होता. कोळ्यांत दोन्ही धर्मांची घरं आहेत, त्यामुळे कोणाचं सामान कुठे पोचवायचं याचा घोळ होत नाही.

पाण्याची वाट ही एक. दुसरी वाट डांबरी आहे. माझ्या बसच्या पुढे एक कचऱ्याची गाडी होती, ताडपत्री अर्धवट बांधलेली, मागून काळं पाणी ठिबकत. सगळ्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगीच्या डोंगरावर येतो. जे सोफे पुलापाशी गेले नाहीत, ज्या गाद्या सोसायटीच्या जिन्याखाली सापडल्या, जे देव शेवटी काळ्या पिशवीतच बांधले गेले, ते सगळं इथे. उन्हाळ्यात डोंगर पेटतो आणि धूर गावावर उतरतो. पावसाळ्यात त्याचं पाणी शेतात उतरतं. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, मोर्चे काढले, आश्वासनं घेतली. पण घंटागाडी रोज सकाळी गाणं वाजवत आपल्या दारात येते आणि आपण त्या गाण्याच्या पलीकडे ऐकत नाही. भाईंदरच्या नव्या टॉवरात राहायला आलेले लोक बसमध्ये बोंबलाच्या टोपलीला नाक मुरडतात, हेही मी पाहिलं आहे. त्यांच्या घरचा वास रोज ट्रकनं उत्तनला जातो, त्याचं काय?

म्हणजे टाकणारा कसाही असो, भाविक असो की आळशी, पाण्यात सोडो की गाडीत भरो, पत्ता एकच. फरक इतकाच की पुलावरून टाकलेल्याला आपण विसर्जन म्हणतो.

उत्तनची माणसं मात्र आलेल्या वस्तूकडे आपल्यासारखं बघत नाहीत. ती हात जोडत नाहीत आणि नाकही मुरडत नाहीत. ती वस्तू उलटून बघतात. तेलाचा पिंप आला, भोक नाही ना ते पाहिलं, झाला जाळ्याचा बोया. थर्माकोल आला, जाड आहे, घे बांधून तरंगायला. सोफ्याचा फोम बोटीत खलाशाच्या अंगाखाली. दाराची फळी आली तर वलांडीच्या बुडाशी टेकू. ज्याला भंगारात भाव नाही म्हणून पुलाखाली पडलं, त्याला इथे काम आहे.

यातला राजा म्हणजे फ्रीज. बंदरावर ठिकठिकाणी बिघडलेले फ्रीज पाठीवर आडवे टाकलेले दिसतात, दार वरच्या बाजूला. आत बर्फ, बर्फात मासळी. मशीन कधीच मेलेलं असतं, तांब्याच्या नळ्या भंगारवाल्यानं आधीच काढलेल्या असतात, पण भिंती जाड असतात आणि गारवा धरतात. एका फ्रीजच्या दारावर अजून मुलांनी चिकटवलेली स्टिकरं होती. छोटा भीम, इंग्रजीतली एबीसीडी आणि शाळेच्या बसचा फोन नंबर. त्या दाराखाली पापलेट होती.

मी बघतोय हे पाहून फ्रीजचा सध्याचा मालक जवळ आला. तरणा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. मी कुठून आलो ते विचारलं. भाईंदर म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"तुमचे बिल्डिंगीत कोणाचा जुना फ्रीज निघतो का? डबल डोअर असला तर बेस. चालू नसला तरी चालेल, उलट चालू नसलेलाच पाहिजे, स्वस्त पडतो." मग त्यानं खाडीच्या दिशेनं हनुवटी उचलली. "पण काका, फोन करा. मी टेम्पो घेऊन येतो. पाण्यात नका टाकू, दरवाजा तुटतो."